उरलेल्या गोळ्यांचा डबा

४ फेब्रुवारी

आहे. रिपोर्टमध्ये 'आहे' असंच आलंय!

क्लॅमिडिया. नाव ऐकून आधी वाटलं, एखादं जीवनसत्त्व असेल, कमी पडलं असेल, गोळ्या देतील. मग डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढून बोलणारे डॉक्टर मी ओळखते. आमच्या मॅडमसुद्धा दात वाचणार नसला की तसंच करतात.

ओटीपोटात ठणका आणि मधल्याच दिवसांत डाग. वयाचं असेल म्हणून तीन महिने अंगावर काढलं. चव्वेचाळीस म्हणजे पाळी जायची चाहूल लागायचीच, असं स्वतःलाच समजावत होते.

"मिस्टरांनाही गोळ्या घ्याव्या लागतील."

"त्यांना काही त्रास नाही हो."

"बहुतेकांना नसतोच. म्हणून तर पसरतो."

ही वही घरी न्यायची नाही. आमच्या दातांच्या दवाखान्यात, उपकरणं वाफवायच्या ऑटोक्लेव्हच्या पाऊचांच्या खणात ठेवायची. तो खण माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

५ फेब्रुवारी

काल काय काय विचारलं मी त्यांना! आठवून कानशिलं तापतात.

दातांच्या दवाखान्यात इन्स्ट्रुमेंट्स धुते, वाफवते, पाकिटात भरते. अठरा वर्षं. दिवसभर लोकांची थुंकी आणि रक्त. तर पहिला प्रश्न तोच — इथून लागलं का? नाही. टॉवेलवरून? नाही. परक्या घरच्या संडासातून? नाही. तलावाच्या पाण्यातून?

"पोहता का तुम्ही?"

"नाही."

"मग तलाव कशाला आणलात मध्ये?"

हसल्या नाहीत, पण मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, हा शरीरसंबंधातूनच लागतो. वस्तूंवरून नाही." मी एकेक दार दाखवत होते, त्या एकेक दार लावत होत्या. शेवटी एकच उघडं राहिलं. आमच्या खोलीचं.

"कधीपासून असेल?"

"तारीख विचारू नका. महिने असेल, वर्ष असेल, कुणाकुणात त्याहून जास्त. काही न जाणवू देता राहतो."

माझ्या अंगात काही तरी महिनोन्‌महिने राहत होतं आणि मी ओट्याच्या फटीतल्या मुंग्यांना पावडर टाकत होते.

८ फेब्रुवारी

सांगितलं. काल दुपारी, चहा घेताना. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या.

हे लिफ्टचं काम करतात. महिन्यातले दहा दिवस परगावी. अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं यांचं काम. काल स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखे बघत राहिले.

"तुलाच झालंय ना? मग मी कशाला गोळ्या खाऊ?"

"दोघांनी एकदम घ्यायच्या. नाहीतर माझ्याकडून तुम्हाला, पुन्हा तुमच्याकडून मला. संपायचंच नाही."

"लॉजवरच्या चादरी बघितल्यात कधी? कळकट असतात. त्यातनंच—"

"चादरीवरून होत नाही."

"सगळं माहिती करून घेतलंस!"

"करून घ्यावं लागलं."

यांनी चहावरची साय बोटाने काढली. मग कपाकडे बघत — "एकदाच."

"कोण?"

"कुणी नाही गं."

म्हणजे मला आता 'कुणी नाही'चा रोग झालाय!

रडू आलं नाही. कप उचलले, विसळले. विसळून झाल्यावर पुन्हा विसळले.

आजपासून या वहीत 'हे' नाही. तो.

९ फेब्रुवारी

गोळ्यांच्या दोन पट्ट्या. एक त्याची, एक माझी. प्रत्येकी चौदा. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर नको, उन्हात फिरायचं नाही. आणि दोघांच्या गोळ्या संपेपर्यंत जवळ यायचं नाही. हे शेवटचं डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. मला हसू आलं. जवळ!

त्याची पट्टी त्याच्या बॅगेत मी स्वतः घातली, पान्यांच्या कप्प्यात. उद्यापासून तो परगावी.

सासूबाईंनी पट्टी पाहिलीच. डोळ्यांना आता वर्तमानपत्र दिसत नाही, गोळी बरोबर दिसते. धर्मादाय दवाखान्याच्या खिडकीत बसून तीस वर्षं औषधं वाटली त्यांनी.

"कसल्या गं?"

"दाताच्या."

"बरं वाटलं की थांब हो. पोट बिघडतं. उरतील त्या दे माझ्याकडे."

त्यांचा डबा! मोठा, पत्र्याचा, बिस्किटांचा. झाकणावरची मांजर आता नुसत्या मिशांपुरती उरलीय. या घरात कुणीही औषध शेवटपर्यंत घेत नाही. ताप उतरला, खोकला बसला, की उरलेल्या गोळ्या आईंकडे. त्या कागदाची पुडी करतात, वर नाव, दुखणं, तारीख, किती उरल्या ते लिहितात आणि दोऱ्याला दुहेरी गाठ मारतात — अशी की नखानेच सुटावी. पुढच्या वेळी तेच दुखणं आलं की पुडी तयार. लग्न होऊन आले तेव्हा मला या डब्याचं कौतुक वाटलं होतं. किती काळजीचं घर, असं माहेरी आईला पत्रात लिहिलं होतं मी.

१२ फेब्रुवारी

मळमळतंय. घेतेय.

आज ऑटोक्लेव्ह चालू असताना वीज गेली. वीज परत आली तेव्हा पुढे पेशंटना टोकन देणारी आत आली. बाहेर सहा पेशंट, मॅडम कावलेल्या. म्हणाली, "अगं ताई, अर्ध्याहून जास्त वेळ तर झाला होता. काढ ना तो ट्रे! कुणाला कळतंय?"

"पट्टीला कळतं." पाकिटावरच्या पट्टीच्या रेघा पुऱ्या काळ्या व्हाव्या लागतात. या तपकिरीच होत्या. पहिल्यापासून सुरू केलं.

"तुझ्या नवऱ्याचं कसं व्हायचं गं, इतकी काटेकोर तू!"

"व्हायचं ते झालंय," म्हटलं. ती हसली. मीही हसले.

१६ फेब्रुवारी

चौदा संपल्या. रिकामी पट्टी टाकवेना. या वहीतच ठेवलीय.

१८ फेब्रुवारी

तो आला.

"झाल्या?"

"झाल्या."

"पट्टी दाखवा."

"पट्टी कोण सांभाळून ठेवतं? टाकली. तुला काय सही करून देऊ?"

२ मार्च

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद मागितले होते. कपाटाच्या वरच्या फळीवरून काढले. एकोणीस वर्षांपूर्वीचा फोटो — पोटात रंग सोडून काढतात तो. 'दोन्ही गर्भनळ्या बंद.' तेव्हाच्या डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला, कारण तो माझ्या पोटाचा होता. तिथपासून सगळं माझंच झालं.

त्याची तपासणी झाली होती. उत्तम! सासूबाईंनी तो कागद शेजारच्या काकूंना वाचून दाखवला होता. वर्षभर कुणीही आलं की — "आमच्या राजाचं सगळं व्यवस्थित आहे हो." राजा म्हणतात त्या त्याला. पुढचं वाक्य बोलायची गरजच नसायची. पण एकदा बोलल्याही. काकूंना साडी दाखवत असताना, साडीच्या घडीवरून हात फिरवत, "वांझ आहे, पण कामाला चांगली."

आज डॉक्टरीणबाईंनी तो फोटो खिडकीशी धरला. बराच वेळ.

"नळ्या कशाने बंद झाल्या, तेव्हा कुणी सांगितलं का?"

"जन्मतःच असतील म्हणाले."

"शंभर टक्के मलाही सांगता येणार नाही. पण नळ्या अशा बंद होण्याचं एक मोठं कारण हाच संसर्ग. चढत चढत वर जातो, तिथे सूज येते, व्रण होतात, नळी चिकटते. बाईला कळतही नाही."

"म्हणजे आत्ताचा?"

"आत्ताचा नाही. हे खूप जुनं आहे. लग्नानंतर लवकरच झालेलं असू शकतं."

"आता औषध घेतलं ना. मग ते—"

"औषध जंतू मारतं. व्रण मिटवत नाही."

बसस्टॉपवर तीन बस सोडल्या. लग्नाआधी मी कुणाचा हातसुद्धा धरलेला नाही. मग लवकरच म्हणजे कुणाकडून, हे विचारायला डॉक्टर लागत नाही.

पण पुरावा? माझ्याजवळ एक फोटो आणि एक रिकामी पट्टी.

३ मार्च

विचारलं त्याला. "लग्नाआधी असं काही झालं होतं का तुम्हाला?"

"वेड लागलंय तुला. एका चुकीवरनं एकवीस वर्षं उकरतेस?"

पान्याला तेल लावत होता. हात थांबला नाही. हातावरूनच कळायचं असेल तर मला काहीच कळलं नाही.

११ एप्रिल

लिहायची लाज वाटते. पण ही वही कुणाला खोटं सांगण्यासाठी नाही.

काल दुपारी तो परगावाहून आला, पायाला मोठी जखम. लिफ्टच्या शाफ्टमध्ये घसरला होता. मी ती धुतली, बांधली. तो लहान मुलासारखा माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडला. "मला टाकू नकोस" म्हणाला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे काही तरी मागितलं.

आणि गोळ्या तर दोघांच्याही झाल्या होत्या. झाल्या होत्या ना!

माया कुठल्या पट्टीने मोजतात? काळी झाली की तपकिरीच राहिली, कसं बघायचं?

१८ मे

तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं. तपासलं. पुन्हा आहे!

डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मी एकही चुकवली नाही, ओकारी आली तरी चुकवली नाही. वहीतली पट्टी काढून दाखवली. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमच्यावर शंकाच नाही. गोळ्या पुऱ्या घेतल्यावर हा सहसा टिकत नाही. पण परत मात्र लागतो, एकदा होऊन गेला म्हणून अंग काही शिकत नाही. घरात कुणाच्या तरी गोळ्या राहिल्यात."

'कुणाच्या तरी.' आमच्या घरात 'कुणी नाही' आणि 'कुणी तरी', एवढीच माणसं राहतात.

१९ मे

"मी सगळ्या घेतल्या. माझ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला. आणि मग, बूट घालता घालता — "तूही दिवसभर बाहेरच असतेस की."

बूट घालता घालता! नाडीची गाठसुद्धा चुकली नाही.

२४ मे

सापडलं.

सासूबाईंना सकाळपासून आंबट ढेकर. "डब्यातली पोटाची पुडी दे गं, माझ्या नावाची." गुडघ्यांमुळे त्यांना फळीपर्यंत हात पुरत नाही. मी डबा खाली घेतला. पुड्या चाळल्या. आईंची पोटाची. आईंची कंबरेची. माझी सर्दीची. आणि एक करकरीत नवी.

'राजा. जळजळ. बरं वाटलं. १३ फेब्रुवारी. ८ उरल्या.'

आत तीच पट्टी. मी पान्यांच्या कप्प्यात घातलेली. सहा खड्डे रिकामे, आठ गोळ्या जागच्या जागी. तीन दिवस घेतल्या. मग शेजारच्या गावातून एका दुपारी येऊन गेला होता, मी कामावर असताना, ते आठवलं.

म्हणजे जळजळ होत होती त्याला. मला "तुलाच झालंय ना" म्हणाला होता, आईला सांगितलं. आणि आईंनी प्रेमाने पुडी बांधली. दुहेरी गाठ.

मला ओरडायचं होतं. पण मी पोटाची पुडी नेऊन दिली, पाणी दिलं. "सापडायला इतका वेळ?" म्हणाल्या.

२५ मे

रात्रभर एकच विचार. तीस वर्षांच्या पुड्या आहेत त्या डब्यात. टाकत कुणीच नाही.

सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्यावर स्टूलावर चढले. वरच्या पुड्या पांढऱ्या, मग पिवळ्या, मग तपकिरी. पार तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राला चिकटलेली —

'राजा. जळजळ. बरं वाटलं. ६ उरल्या.'

कॅप्सूल आहेत. रंग उडालेत, पण पट्टीवर नाव वाचता येतं. तेच औषध.

तारीख आमच्या लग्नाच्या आधी एकोणीस दिवसांची.

चौदातल्या आठ घेतल्या. चार दिवस. बरं वाटलं. मग उरलेल्या सहा आईजवळ देऊन, हळद लागलेल्या हातांनी माझ्या घरी बघायला आला — नाही, बघायला आधीच आला होता. आता नुसतं न्यायला आला.

सहा गोळ्या. कुणाला मुलं होतात. माझ्या सहा गोळ्या झाल्या. बाळगल्या आहेत त्यांनी, एकवीस वर्षं, नीट, डब्यात.

पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. डबा बंद केला, पुडी ब्लाऊजमध्ये.

२६ मे

आज रजा टाकली. तो कामावर गेल्यावर पुडी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटांनी गाठ चाचपली. वाचायची गरजच पडली नाही.

"आई, लग्नाआधी काय झालं होतं त्यांना?"

"उष्णता झाली असेल."

"उष्णतेला ही औषधं देत होतात खिडकीतून?"

"डॉक्टर लिहायचे, मी बांधायचे. मी का डॉक्टर आहे?"

"तीस वर्षं तीच पुडी तशाच माणसांना बांधलीत. 'बायकोलाही घेऊन या' असं डॉक्टर त्यांना सांगायचे, तेही तुम्हीच मला सांगितलंय. हसून सांगितलंय!"

"असेल. आता आठवत नाही."

"मला वांझ म्हणालात ते आठवतं?"

"तोंडातून गेलं असेल."

"एकवीस वर्षं जात होतं?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "घालवलं का तुला कुणी घरातून? दुसरी आणली का? माझ्या राजाला किती जणांनी सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. ठाम! ते नाही आठवत तुला?"

आठवतं. आठवतं, म्हणूनच तर इतकी वर्षं मी यांचे पाय चेपले. वाटायचं, जीभ तिखट आहे पण मन माझ्या बाजूने आहे.

"खरं सांगा. ठाऊक होतं?"

"नाही गं. बरं वाटलं म्हणाला, मी म्हटलं गेलं असेल. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. राजाची शपथ."

शपथेवर विश्वास ठेवायचं मी ठरवलं. एका दिवसात दोन माणसं गमवायची ताकद नाही माझ्यात. म्हाताऱ्या आहेत. चुकल्या असतील. न कळून चुकणाऱ्याला मी काय शिक्षा देणार!

२७ मे

त्याला दोन्ही पुड्या दाखवल्या. त्याने दोन्ही उलटून पाहिल्या. मग म्हणाला, "मला वाटलं, गेला."

एवढंच. माझ्या सगळ्या आयुष्यावर तीन शब्द.

५ जून

पुन्हा चौदा. पुन्हा मळमळ. संपल्या.

त्याने या वेळी माझ्यासमोर घेतल्या. सकाळ-संध्याकाळ, हातावर ठेवलेली गोळी, भरलेला पेला, मी समोर उभी. तोंड उघडून दाखवायचा. मॅडमच्या खुर्चीतल्या पेशंटसारखा! मी त्या चौदा गोळ्या त्याच्यासाठी मोजल्या नाहीत. त्याने उद्या हा रोग आणखी कुणाला देऊ नये, एवढ्यासाठी मोजल्या. कुणाच्या तरी मुलीला.

मी बाहेरच्या खोलीत झोपते. तिथेच झोपणार आहे. टोकनवालीच्या इमारतीत एक खोली रिकामी आहे. विचार करतेय. सासूबाईंच्या गुडघ्यांचं कोण बघणार, इथे येऊन विचार थांबतो. त्या बिचाऱ्या दोन दिवस जेवल्या नाहीत.

तपासणी लगेच करायची नाही. मेलेले जंतूही काही आठवडे रिपोर्टमध्ये दिसतात म्हणे. मेलेलं मेलंय की नाही हे कळायलासुद्धा थांबावं लागतं.

८ जून

दवाखान्यातली औषधी कचऱ्याची पिवळी पिशवी घरी नेली आणि डबा तिच्यात रिकामा केला. सगळा. तळाचं वर्तमानपत्रही ओढून काढलं.

त्याच्या खाली एक पुडी होती. तारीख — आमच्या लग्नानंतरचा पाचवा आठवडा. अक्षर सासूबाईंचं, सावकाश लिहिलेलं.

'सूनबाई. सकाळ-संध्याकाळ. सात दिवस. दुधाबरोबर नको.'

गाठ कधीच सुटलेली नव्हती. मी नखाने सोडली. मोजल्या.

चौदाच्या चौदा.